संध्याकाळी बंद पडणारे कॅमेरे

चोरी झाली समोरच्या घरात आणि झोप उडाली आमच्या चिरंजीवांची, तीही दुसऱ्या शहरात बसून. चोरांनी भर दुपारी कडी उचकटली, टीव्ही नेला, मिक्सर नेला आणि जाताना दार नीट ओढून घेतलं. एवढे सभ्य चोर! पण ही बातमी मीच त्याला फोनवर हसत हसत सांगितली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

"आई, पुरे झालं आता," चिरंजीव म्हणाले. "एवढ्या मोठ्या घरात दोघीच राहताय. तू इकडे ये."

"आणि वन्सं?"

वन्सं म्हणजे माझी नणंद. वयाने माझ्याहून मोठ्या, ह्यांच्याहून लहान. लग्न केलं नाही, शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या. भाऊ गेला, त्या राहिल्या. आम्ही दोघी सकाळी भांडतो, दुपारी थकतो आणि संध्याकाळी बरोबर फिरायला जातो. आमचं बरं चाललं होतं.

"आत्याचं बघू काहीतरी," तो म्हणाला. "एक छान जागा बघून ठेवलीय मी. तिच्या वयाचीच माणसं असतात तिथे. मोठी बागसुद्धा आहे."

"बाग इस्पितळालाही असते!" मी म्हणाले आणि फोन आपटला. म्हणजे आपटायला गेले. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, ही एक मोठीच गैरसोय आहे. बोटाने ते लाल चिन्ह दाबायचं, त्यात माणसाचा राग मावणार कुठे?

वन्सं शेजारच्याच खोलीत होत्या. "कोणाचा फोन गं वहिनी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चुकीचा नंबर होता. जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात लोकांच्या लाइनी जोडून दिल्या मी, खोटा नंबर सांगायला मला काय वेळ लागतो? पण ते 'बघू काहीतरी' माझ्या कानातून जाईना. जुन्या कपाटाचं बघू काहीतरी म्हणावं. माणसाचं काय बघायचं असतं?

मग मी चिरंजीवांशी तह केला. त्याला आमची काळजी वाटते ना? तर त्याने घराला कॅमेरे लावावेत, तिकडे बसून इंटरनेटवर हवं तेव्हा आमचं घर बघावं, आणि आम्हाला जिथल्या तिथे राहू द्यावं. तो कबूल झाला, पण अट घालून.

"कॅमेरे नीट चालले पाहिजेत आई. मला इथून घर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मी तुझं काही ऐकणार नाही. तुला इकडे आणणार आणि आत्याला तिकडे पोचवणार."

म्हणजे आता आमचं दोघींचं एकत्र राहणं त्या कॅमेऱ्यांवर अवलंबून होतं. वन्संना मी एवढंच सांगितलं, की तुमच्या भाच्याला हौस आलीय. त्या म्हणाल्या, "त्याला लहानपणापासून दुसऱ्याच्या खिडकीत डोकवायची सवयच आहे."

कॅमेरेवाले भाऊ आले ते शिडी खांद्यावर घेऊन आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवूनच. पोट सुटलेलं, कानावर पेन्सिल, आणि दर वाक्याला 'टेन्शन नाही काकू'. ज्या माणसाच्या तोंडात इतक्यांदा टेन्शन येतं, त्याला बघून मला टेन्शन येतं. पण हात चालत होते त्यांचे. एक कॅमेरा फाटकावर, एक मागच्या अंगणात आणि एक दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटावर, पुढच्या दाराकडे तोंड करून. टीव्हीशेजारी एक काळी पेटी ठेवली. सगळं चित्रण म्हणे त्या पेटीत साठतं आणि इंटरनेटच्या डबीतून जगभर जातं.

"वायरी कुठायत हो?" वन्संनी विचारलं.

"वायरीची भानगडच नाही मावशी! सगळं वायरलेस. हवेतून चालतं."

प्लगमध्ये खोचलेल्या चार पिना मला दिसत होत्या. पण बोलणाऱ्याला कोण थांबवणार?

मग पासवर्ड आला. मी सांगितला तो म्हणे छोटा होता. दुसरा सांगितला, त्यात आकडा नव्हता. तिसऱ्यात आकडा घातला, तर एक खूणही हवी म्हणाले. पासवर्ड आहे का लग्नाची बोलणी, हेही हवं आणि तेही हवं! शेवटी वन्संनी एक शब्द सांगितला आणि तो त्या मेल्या पेटीने एका फटक्यात पास केला. त्याचा तोरा त्यांनी दोन दिवस मिरवला.

पेटीच्या पाठीवर एक काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता. कॅमेरेवाल्यांनी माझ्या फोनने त्याचा फोटो काढल्यासारखं केलं, फोन थोडा वेळ विचारात पडला, आणि माझ्या तळहातावर आमचं फाटक दिसायला लागलं. फाटकासमोरून भाजीवाली चालली होती ती बाहेर आणि दिसत होती माझ्या हातात! खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. आमच्या काळी एक ट्रंक कॉल लावायला घसा कोरडा व्हायचा. मग तोच चौकोन चिरंजीवांना पाठवला, त्याने तिकडे काहीतरी दाबलं, आणि कपाटावरून एकदम पुरुषी आवाज आला.

"आई, पदर कशाला सारखा करतेस? कॅमेऱ्यातच आहेस, स्टेजवर नाही."

आणि तो खाकरला. वन्संच्या हातातला पेला जागच्या जागी राहिला.  ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्याच खोलीत, तसाच, बोलायच्या आधीचा तो खाकरा.

"अगदी दादा गं," वन्सं हळूच म्हणाल्या.

"ह्या कॅमेऱ्यातून बोलतापण येतं काकू," कॅमेरेवाले कौतुकाने सांगायला लागले. मी त्यांना गप्प केलं आणि कपाटाकडे बघून चिरंजीवांना दम भरला. बघायचं ते बघ, पण भिंतीतून बोलायचं नाही. बोलायचं असेल तर माणसासारखा फोन कर. त्याने कानाला खडा लावला.

बोलायचा बंद झाला, पण फोनचा सपाटा सुरू झाला. आई, मागचं दार उघडं आहे. आई, फाटकावर मांजर बसलंय. आत्या स्टुलावर का चढलीय? तिकडे बसून नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. मी मनात म्हटलं, हाक बाबा. तुला घर दिसतंय ना, बस्स.

आणि पहिल्याच संध्याकाळी दिसायचं बंद झालं.

आमचा फिरायला जायचा रिवाज ठरलेला आहे. मी चपला घालून पुढे फाटकाशी जाऊन उभी राहते आणि वन्संची वाट बघत चिडते. त्या आत काय करत बसतात देव जाणे. खिडक्या बघतात, गॅस बघतात, कुलूप शोधतात. मग सावकाश येतात आणि वर मलाच विचारतात, घाई कसली? परत येताना उलट. किल्ली त्यांच्याकडे, म्हणून त्या आधी आत शिरतात आणि मी अंगणातली वाळलेली पानं उचलत मागे राहते.

त्या संध्याकाळी आम्ही बागेतल्या बाकावर टेकतो न टेकतो तोच फोन वाजला.

"आई, सगळे कॅमेरे बंद पडलेत! घरी कोण आहे?"

आम्ही जवळजवळ पळतच घरी आलो. वन्सं आत गेल्या, मी पाठोपाठ गेले. कुलूप जसंच्या तसं, घर जसंच्या तसं. पेटीवरचा दिवा लुकलुकत होता. जरा वेळाने चिरंजीवांचा फोन. "आलं गं दिसायला. तू काय केलंस?" मी कुठे काय केलं? मी नुसती धापा टाकत होते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही घरी असलो की कॅमेरे छान चालायचे, वन्सं वेणी घालताहेत हेसुद्धा त्याला तिकडे स्पष्ट दिसायचं. आणि आम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकलं की अंधार. ज्या वेळी चोर यायचा, नेमका त्याच वेळी पहारेकरी डोळे मिटतो, असला हा पहारा!

कॅमेरेवाले सकाळी आले. सकाळी सगळं ठणठणीत. त्यांनी डबी इकडची तिकडे ठेवली आणि म्हणाले, टेन्शन नाही. परत बंद पडले. त्यांनी पेटीची पिन बदलली. परत बंद पडले. मग त्यांनी इंटरनेटवाल्यांवर ढकललं. इंटरनेटवाल्यांनी माणूस पाठवला, त्याने कॅमेऱ्यांवर ढकललं. दोघांचं खापर फुटत होतं ते माझ्या डोक्यावर.

"संध्याकाळी लाइट जाते का हो तुमच्याकडे?" कॅमेरेवाल्यांनी विचारलं.

"छे! आम्ही परत येतो तेव्हा दिवे लागतात की."

"टीव्हीजवळचं बटण तर कोणी बंद करत नाही ना?"

"मी त्या बटणाला हातसुद्धा लावत नाही," वन्सं ठणकावून म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

त्यांनी डोकं खाजवलं. कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. मी म्हटलं, भाऊ, आलाच आहात तर आमचा फ्रीजही बघा. हल्ली बर्फच धरत नाही मेला. दुपारी ठेवलेलं पाणी संध्याकाळीही पाणीच. ते म्हणाले, काकू, फ्रीज माझ्या लाइनीतला नाही.

चिरंजीवांनी मात्र तिकडे सुतावरून स्वर्ग गाठला होता. कोणीतरी पाळतीवर आहे म्हणे. तुम्ही बाहेर पडलात की तो जवळ येऊन कसलंसं यंत्र लावतो आणि कॅमेरे आंधळे करतो. मग घरात का शिरत नाही, असं मी विचारलं. तर म्हणे, तालीम करतोय.  हसू येत होतं, पण हसले नाही. कारण त्याच्या आवाजातली गंमत संपली होती.

"आई, ठरलं होतं आपलं. रविवारी मी येतोय. सामान बांधायला घे. आत्याच्या जागेचंही बोललोय मी, खोली रिकामी आहे."

"अरे, पण एक कॅमेरा बंद पडतो म्हणून..."

"कॅमेरा नाही गं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा फाटला. "रोज संध्याकाळी माझ्यासमोर घर असं काळं होतं ना, तेव्हा मला काय काय दिसतं, तुला माहीत नाही."

ह्यावर मला भांडता आलं नाही. तो दुष्ट असता तर मी त्याला पुरून उरले असते. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या लेकाशी काय भांडायचं? त्या संध्याकाळी मी वन्संशी धड बोलले नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा खेकसले. फिरायलाही मी पार पुढे निघून गेले.

दुसऱ्या सकाळी कॅमेरेवाल्यांना मीच फोन करून बोलावलं आणि दारातच धारेवर धरलं. "तुमचं टेन्शन नाही आता बास झालं. रविवारी माझं घर उठतंय. ह्या पेटीत सगळं साठतं म्हणालात ना? मग बंद पडायच्या आधी काय झालं, तेही साठलं असेल. ते दाखवा!"

ते माझ्याकडे आ वासून बघत राहिले. एवढ्या दिवसांत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं नव्हतं तर माझ्याही नव्हतं म्हणा. सगळे जण बंद पडल्यानंतरचं बघत बसलो होतो.

वन्सं स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. मी चिरंजीवांना फोन लावून टेबलावर ठेवला, त्यालाही तिकडून तेच दिसेल असं कॅमेरेवाल्यांनी करून दिलं, आणि टीव्हीवर काल संध्याकाळचा आमचा दिवाणखाना आला. मी ताडताड बाहेर गेले. पाठीमागून मी इतकी वाकडी चालते हे मला ठाऊक नव्हतं. मग वन्सं आल्या. खिडकी ओढली. पिशवी खांद्याला लावली. दाराशी जाऊन जरा वेळ उभ्या राहिल्या. दाराशेजारी भिंतीवर आमची जुनी लोखंडी मेनची पेटी आहे, बाजूला दांडी असलेली. वन्संनी टाचा उंचावल्या, हात वर केला, दांडी धरली. आणि खट्. टीव्हीवर काळोख.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"मेन!" कॅमेरेवाले ओरडले. "मावशी मेनच पाडतात की हो! पेटी बंद, डबी बंद, सगळंच बंद! मग राहील काय चालू?"

आणि फ्रीज, मी मनात म्हटलं. बर्फ का धरत नाही तो!

माझं डोकंच तापलं. ह्या मेनवरून मी संसारभर वैतागले होते. हे वीजमंडळातले वायरमन. कोणाचं तरी कुलूपबंद घर तारा जळून खाक झालेलं त्यांनी एकदा पाहिलं, आणि तेव्हापासून आमच्या घराचा कायदा झाला. बाहेर पडताना मेन बंद. दूध नासो, बर्फ वितळो, पाहुणे हसोत. मीही हसायचे. 'तुमच्या ह्या मेनलाच हार घालते एक दिवस,' म्हणायचे. हे गेले, आणि मी समजले तो कायदाही गेला. खट् आवाज परत कधी ऐकला नव्हता. म्हणजे मी फाटकाशी असायचे, मला तो ऐकू येणार कसा? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्यांची तर मेल्यावरही गेली नाही, बहिणीच्या हाताला चिकटून राहिली!

मी वन्संना हाक मारायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात फोनमधून चिरंजीव म्हणाले, "थांब आई. आत्या काहीतरी बोलतेय. भाऊ, आवाज वाढवा आणि मागे घ्या."

कॅमेरेवाल्यांनी मागे घेतलं. वन्सं परत दाराशी गेल्या, टाचा उंचावल्या, दांडीला हात लावला. आणि भिंतीकडे बघत, अगदी शेजारी कोणी उभं असल्यासारख्या म्हणाल्या, "दादा, गॅस बघितला, खिडक्या लावल्या. आता हे बंद करते रे." खट्.

"आदल्या दिवशीचं लावा," चिरंजीव म्हणाले.

"दादा, वहिनीचा गुडघा दुखतोय. सांगत नाही ती. आज बागेपर्यंत नेत नाही तिला, कोपऱ्यावरूनच परत फिरवते. बंद करते रे." खट्.

मला आठवलं. त्या दिवशी वन्संनाच दम लागला होता म्हणे, म्हणून आम्ही कोपऱ्यावरून परतलो होतो. आणि मी त्यांना वाटेभर टोमणे मारले होते.

आणि अगदी पहिल्या संध्याकाळी, "दादा, हा कॅमेरा बसवलाय तुझ्या पोराने, पण तो हवेवर चालतो म्हणे, त्याला वीज लागत नाही. तेव्हा तू काळजी करू नकोस, मी मेन बंद करतेच आहे." कॅमेरेवाल्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि उगाच तिचं टोक बघत बसले.

टेलिफोनच्या ऑफिसात आमचा एक नियम होता. लाइन जोडली की कान काढून घ्यायचा. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं म्हणजे चोरी. एवढ्या वर्षांत मी तो मोडला नव्हता. मला म्हणायचं होतं, बंद करा, पुरे. पण तेवढ्यात कालचं चित्र पुन्हा सुरू झालं, जरा आधीपासून. मी ताडताड निघून गेल्यावर वन्सं मेनखाली उभ्या होत्या.

"दादा, पोरगा म्हणतो वहिनीला घेऊन जातो. मला कुठेतरी ठेवणार आहे. फोनवर मोठ्याने बोलतात रे दोघं, सगळं ऐकू येतं. वहिनी माझ्यासाठी त्याच्याशी भांडतेय आणि मला सांगत नाही. मी गेले तर गेले. पण मग हिच्यामागे मेन कोण बंद करणार? ही तर तश्शीच बाहेर पडते." मग गॅस, खिडक्या, आणि खट्.

मी पदर तोंडाला लावला. रडले, सरळ सांगते. कॅमेरेवाले खिडकीतून बाहेर बघायला लागले.  मला वाटलं फोनची लाइन तुटली. मग तो खाकरला.

"भाऊ," चिरंजीव म्हणाले, "मेन बंद केला तरी कॅमेरे चालू राहतील, असं काही करता येईल?"

"पेटीला आणि डबीला छोटी बॅटरी लावतो. तासन्तास चालतील. कॅमेऱ्यांनाही तिच्यावर घेतो. टेन..." त्यांनी शब्द गिळला. "होऊन जाईल."

"करा. आणि आत्याला कोणी काही बोलायचं नाही. तिच्यामुळे बंद पडत होतं, हे तिला कळता कामा नये."

मीही तेच म्हणणार होते. आपल्याच हाताने आपण घर उठवायला निघालो होतो हे वन्संना कळलं असतं, तर त्यांनी रविवारची वाट न बघता बॅग भरली असती. रविवारचं मात्र तो काही बोलला नाही. मी विचारायला धजले नाही. फोन बंद झाला.

वन्सं चहा घेऊन आल्या. "सापडलं का काही?"

"बॅटरी हवी होती म्हणे," मी म्हणाले. "हवेवर चालत नाही ते."

"मी म्हटलंच होतं," वन्सं म्हणाल्या. त्या असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण मी पहिल्यांदाच वाद घातला नाही, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

संध्याकाळपर्यंत बॅटरी बसली. आम्ही फिरायला निघालो. मी चपला घालून बाहेर पडले, पण फाटकापर्यंत जाववलं नाही. पायरीपाशीच थांबले. आत खिडक्या लागल्या. गॅस बघितला गेला. मग दाराशी पावलं आली.

"दादा, झालं सगळं. बंद करते रे."

खट्. किती वर्षांनी ऐकला मी तो आवाज. आणि त्यापाठोपाठ, बंद झालेल्या घरातून, कोणीतरी खाकरलं.

"बरं केलंस आत्या. सावकाश जा दोघी. आणि आईला सांग, मी रविवारी येतोय तो फक्त जेवायला. सामान बांधू नका म्हणावं."

भिंतीतून बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं मी त्याला. पण कान लावून तर मीच उभी होते.

 मग वन्संचा आवाज आला, लहान मुलीसारखा. "ऐकलंस ना रे दादा? दोघी म्हणाला."

त्या बाहेर आल्या. कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत एकदा ओढून बघितलं. डोळे पुसले नाहीत, मला दिसू नयेत म्हणून नुसते दुसरीकडे वळवले. मी पायरीवरच उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"आज पुढे नाही गेलीस?"

"मेन बंद केलात ना?" मी विचारलं.

 इतक्या वर्षांत ह्या घरात हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

"केला," त्या म्हणाल्या.

"मग चला. पण कोपऱ्यापर्यंतच हं. गुडघा दुखतोय माझा."

"सांगायचं नाही का मग आधी!" वन्सं माझ्यावर खेकसल्या आणि त्यांनी माझा हात धरला.